नऊ पुड्या

टकळीनं जुन्या प्रश्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर पट्टी दाबून धरली आणि सर्रकन नववी चिठ्ठी फाडली. आठ अगदी सारख्या झाल्या होत्या, ही तेवढी तिरकी. वाचनालयातल्या लांब टेबलाभोवती शाळा समितीचा एकेक सदस्य येऊन बसत होता, खुर्च्या फरशीवर किंचाळत होत्या आणि छताचा पंखा चिठ्ठ्या उडवायला टपलेलाच होता. तिनं त्यांच्यावर डिंकाची बाटली ठेवली.

“झालं का गं?” मोठ्या बाईंनी विचारलं. शाळेत मुख्याध्यापिकांना सगळेच मोठ्या बाई म्हणत.

“झालं, बाई. एक जरा वाकडी आहे, पण मत सरळ असलं म्हणजे झालं.”

विज्ञानाचे सर हसले. शाळेत तिचं खरं नाव फक्त हजेरीपुरतं उरलं होतं. एकदा तोंड सुरू झालं की थांबायचं नाव नाही, म्हणून पहिल्या इयत्तेपासून ती टकळी. यंदा तिला विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून निवडून दिलं होतं, तेही दणक्यात, आणि तेव्हापासून ते चिडवायचं नाव तिला एखाद्या पदवीसारखं वाटायला लागलं होतं. गणवेशाच्या खिशात सात पानांचं भाषण होतं. गेले चार दिवस दात घासताना ते आरशाला ऐकवून झालं होतं. आरशानं एकदाही हरकत घेतली नव्हती.

मोठ्या बाईंनी ठराव वाचला. वरच्या दोन वर्गांतल्या मुलामुलींनी मागितली, तर शाळेच्या प्रथमोपचार खोलीतून तिथल्या परिचारिका सिस्टरनी त्यांच्याशी बोलून त्यांना गर्भनिरोधक साधनं द्यावीत की नाही? चर्चा आज, मतदान आज. मतदान गुप्त. चिठ्ठ्या नेहमीप्रमाणे विद्यार्थी प्रतिनिधी वाचेल, तिला स्वतःला मत नाही.

“चर्चेची सुरुवात तिच्यापासूनच करू या,” बाई म्हणाल्या.

टकळी उभी राहिली. खिशात हात गेला.

“एक मिनिट हं, बाई.” पालक संघाचे अध्यक्ष कंत्राटदार होते. ते कधी आवाज चढवत नसत, तशी वेळच त्यांच्यावर येत नसे. “विषय काय आहे बघा. मुलांबद्दल बोलायचं ते मुलांसमोर कसं बोलायचं? पोरीनं चिठ्ठ्या वाचाव्यात, काही म्हणणं नाही. पण भाषण नको.”

“काका, फक्त सात पानं—”

“तेच म्हणतोय मी. सात पानं!”

टेबलाभोवती खसखस पिकली. टकळीनं तिसऱ्या खुर्चीकडे पाहिलं. तिथं तिची आई बसली होती, पालकांची प्रतिनिधी म्हणून. आई पर्सची चेन उघडत होती, मिटत होती.

टकळी खिडकीजवळच्या छोट्या टेबलाशी जाऊन बसली. भाषण खिशातच राहिलं.

आधी सिस्टर बोलल्या. त्यांना मत नव्हतं, फक्त म्हणणं मांडायला बोलावलं होतं. त्यांनी हातातली वही उघडलीसुद्धा नाही.

“गेल्या दोन वर्षांत तीन मुलींनी शाळा सोडली. कारणाच्या रकान्यात मी ‘प्रकृती’ असं लिहिलं. तीनदा. चौथ्यांदा लिहायची माझी इच्छा नाही.”

संगीताच्या बाई विरोधात होत्या, पण त्यांचं बोलणं टकळीला टोचलं. “देणं सोपं आहे हो. कपाटात ठेवलं की आपण सुटलो. मग त्यांच्याशी बसून बोलणार कोण? बोलणं राहूनच जाईल, मला त्याची भीती वाटते.”

याला उत्तर तिच्या पाचव्या पानावर होतं. तिनं जीभ दातांखाली धरली.

आईची पाळी आली. आई उठली नाही.

“माझं औषधांचं दुकान आहे, सगळ्यांना माहीत आहे. मुलांना काय द्यायचं, काय नाही, ते त्यांच्या घरच्यांनी ठरवावं. शाळेनं त्यात पडू नये. बास, एवढंच.”

“वहिनी बोलल्या लाखातलं!” कंत्राटदार म्हणाले. “औषधं विकणारं माणूस नको म्हणतंय, यापुढे काय बोलायचं? आमच्या धाकट्याचं औषध वहिनीच करून देतात. रोज तीन पुड्या मी स्वतः उघडतो. त्यांचा हात म्हणजे हात आहे.”

आई किंचित हसली. दुकानाचा गाळा कंत्राटदारांचाच होता. करार पुढच्या महिन्यात संपत होता. नवा करू, असं त्यांनी तोंडी म्हटलं होतं, कागद अजून व्हायचा होता.

टकळी खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर पटांगणात कुणीतरी एकटंच धावत होतं. तिला शिडी आठवली.

शिडी म्हणजे वरच्या वर्गातली उंच मुलगी, रिले शर्यतीत शेवटचा टप्पा नेहमी तिचा. गेल्या वर्षी ती लागोपाठ तीन दिवस दुकानात आली होती. पहिल्या दिवशी तिनं जखमेची पट्टी घेतली. दुसऱ्या दिवशी खोकल्याच्या गोळ्या. तिसऱ्या दिवशी कंगवा घेतला, आणि गिऱ्हाईकं सगळी जाईपर्यंत तो हातात घेऊन उभी राहिली. टकळी आत पुड्या बांधत बसली होती. बालरोगतज्ज्ञ लिहून देत ती गोळी आई खलात कुटायची, सारखे भाग करायची आणि कागदाच्या पुड्या बांधायची. त्या घड्या टकळी पाटीवर अक्षरं गिरवायच्या आधी शिकली होती.

“काकू,” शिडी म्हणाली होती, “अजून एक हवं होतं.” आणि तिनं काय हवं ते सांगितलं, इतक्या हळू की टकळीला ऐकूही आलं नाही.

“आईला घेऊन ये, बाळा,” आई म्हणाली होती. मायेनंच म्हणाली होती.

शिडी कंगवा काउंटरवर विसरून गेली. त्यानंतर तीन महिन्यांनी तिनं शाळा सोडली. मावशीकडे गेली, असं सगळे सांगतात. कंगवा आईच्या खणात आहे. आईनं तो परत विकायला ठेवला नाही, आणि त्याच्याबद्दल ती बोलतही नाही. काल रात्री जेवताना मात्र म्हणाली होती, “उद्या तुला काय बोलायचं ते बोल. दुकानातलं काही बोलू नकोस.”

“चिठ्ठ्या वाट, गं,” मोठ्या बाईंनी हाक मारली.

टकळीनं चिठ्ठ्या वाटल्या, शिसपेन्सिली वाटल्या. ठराव मान्य असेल तर बरोबरची खूण, नसेल तर फुली. तिरकी चिठ्ठी ग्रंथपालांच्या वाट्याला आली. चर्चा ऐकताना तिनं मोजलं होतं, चार बाजूनं, पाच विरोधात. पाचवी तिची स्वतःची आई. कंत्राटदारांनीही मोजलं असणार, कारण ते आत्ताच खुर्चीला रेलून बसले होते.

खडूच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या गोळा करून ती पुन्हा खिडकीशी आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचू लागली.

“नाही.”

“हो.”

“नाही. नाही. हो.”

सहावी चिठ्ठी हाताला लागली आणि तिची बोटं थांबली. बाकीच्यांनी चिठ्ठ्या कशाही दुमडल्या होत्या. एकदा मधोमध, दोनदा आडव्या, एकानं तर चक्क चुरगळली होती. ही पुडी होती. लांब कडेवर बोटभर घडी, तीच घडी पुन्हा एकदा, दोन्ही टोकं मागे वळवलेली आणि एक टोक दुसऱ्याच्या पोटात घट्ट खोवलेलं. उलटी धरून हलवली असती तरी कणभर भुकटी सांडली नसती.

टकळीनं मान वर केली नाही. हातावर ठेवून पुडी उघडली. आत बरोबरची खूण होती. लहानशी, पण पेन्सिल इतकी दाबलेली की कागदाच्या पाठीवर उठली होती.

“हो,” ती म्हणाली. आवाज जसाच्या तसा राहिला. याचं तिला नंतर किती तरी दिवस नवल वाटणार होतं.

“हो. नाही.” तिरकी चिठ्ठी सगळ्यांत शेवटी निघाली. “हो.”

मोठ्या बाईंनी दर मताला फळ्यावर ओढलेल्या रेघा मोजल्या. पाच विरुद्ध चार. ठराव मंजूर.

सिस्टरनी डोळ्यांवरून हात फिरवला. कंत्राटदार सरळ बसले.

“चार तर धडधडीत बोलून दाखवलेली. हे पाचवं कुणाचं?”

“मतदान गुप्त आहे,” बाई म्हणाल्या.

“असू दे की. पण फेरमोजणी मागायचा हक्क आहे ना मला? आण गं पोरी त्या चिठ्ठ्या इकडे. बघू तरी आमच्यातला घरभेदी कोण.” ते हसत होते. हसत हसतच ते चष्म्याचं घर शोधायला खाली पिशवीत वाकले.

चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या होत्या. खूण कुणाचीही असू शकते. घड्या मात्र उघडूनही कागदावर राहतात, आणि रोज तीन पुड्या उघडणाऱ्या माणसाला त्या ओळखायला चष्माही लागला नसता.

“देते हं काका, एक मिनिट,” टकळी म्हणाली, आणि तिचं तोंड सुरू झालं. “हा पंखा बघा ना, मघापासून नुसता वैर धरून बसलाय. मागच्या वेळी सहलीच्या मतदानाला अशाच उघड्या ठेवल्या, तर दोन मतं थेट पटांगणात. एक शिपायांनी आणून दिलं, दुसरं अजून सापडायचंय. म्हणजे ती सहल किल्ल्यावर गेली ती कायद्यानं गेली की नाही, कोण जाणे. सर तेव्हा म्हणाले होते की टकळे, मतं वाऱ्यावर सोडू नयेत—”

“मी असं म्हणालो होतो?” विज्ञानाचे सर.

“म्हणाला नसाल तर आता म्हणा, सर.”

ती बोलत होती आणि बोटं आपलं काम करत होती. बोटभर घडी, पुन्हा घडी, टोकं मागे, एक दुसऱ्याच्या पोटात. एका पुडीला तीन श्वास लागत. कंत्राटदारांनी चष्मा पुसून नाकावर चढवला तेव्हा त्यांच्यासमोर खडूचा डबा होता आणि डब्यात नऊ पुड्या.

त्यांनी एक उघडली. दुसरी उघडली. तिसरीला थांबले.

“ह्या सगळ्या अशा कशा?”

“मीच बांधल्या, काका. सवय आहे हाताला. दुकानात रोज हेच करते ना.”

“अहो, औषधवालीची पोर ती!” संगीताच्या बाई म्हणाल्या आणि सगळी खोली हसली. कंत्राटदारांनी उरलेल्या सहाही उघडल्या. कागद उजेडाकडे धरून पाहिले. पाच आणि चार.

“बरोबर आहे,” ते शेवटी म्हणाले.

आई तेवढी हसली नाही. ती टेबलावरच्या उघडलेल्या पुड्यांकडे बघत होती. मग तिनं पर्सची चेन लावली, आणि ती पुन्हा उघडली नाही.

दोघी शाळेतून थेट दुकानावर आल्या. आईनं दुकानाचं शटर वर केलं, दिवा लावला, खल पुढे ओढला. कागदासाठी खण उघडला तेव्हा कंगवा वर आला. एरवी आई तो मागे सारायची. आज तिनं तो बाहेर काढला, पदरानं पुसला आणि काउंटरवर ठेवला.

“सिस्टरकडे त्या मुलीचा पत्ता असेल का गं?”

“विचारते उद्या.”

आईनं कागद कापले. बत्ता थोडा वेळ एका लयीत वाजत राहिला.

“ते भाषण कुठंय?”

“खिशात.”

“मग वाच की. सात पानं काय खिशात ठेवायला लिहिलीस?”

टकळी स्टुलावर बसली. पानं उलगडली. पहिल्या ओळीला आवाज जरा फाटला, मग सावरला. पहिलं पान झालं, दुसरं झालं. आई मान खाली घालून पुड्या बांधत होती. तिसऱ्या पानाच्या मध्यावर वर न बघताच म्हणाली,

“मघाच्या पुड्या सैल होत्या तुझ्या. आठ तरी.”

टकळी थांबली.

“टोक पुरतं आत जायला हवं,” आई म्हणाली, आणि हातातल्या पुडीचं टोक अंगठ्यानं आत दाबलं. “हं. पुढे वाच.”