एकाच नावाचे दोन आवाज

मित्रांनो, स्कोल्विक घराण्यातल्या धाकट्या तोरलाइवचा पंधराव्या वर्षी चर्चमध्ये श्रद्धेच्या दृढीकरणाचा विधी झाला आणि त्याच्या आजीने सात प्रकारचे केक मांडले, त्याच मे महिन्यात मी नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात आलो. मी एक जुना संगणक आहे. शहरातल्या शाळेला नवे संगणक मिळाले, तेव्हा मला गावाच्या स्मरणमंडळाला देऊन टाकले.

मंडळ गावातल्या म्हाताऱ्यांचे आवाज साठवत असे. धाकट्याची आजी बोर्गहिल्ड ते काम पाही. आयुष्यभर तिने मासे साफ केले होते. टंकलेखन ती साठीला शिकली. प्रत्येक ध्वनिफितीची सुरुवातीची खोकखाक कापायची, तिला नाव द्यायचे, योग्य घराच्या कप्प्यात ठेवायची. एकेकीला वीस मिनिटे लागत. तिचे मनगट सुजे. शेवटी वाचनालयातले पुस्तक समोर ठेवून तिने संगणकाच्या भाषेत अकरा ओळींचा हुकूमनामा लिहिला आणि तो मला दिला. तेव्हापासून तेच काम मी चार सेकंदांत करू लागलो.

"शहाणं गं माझं बाळ!" ती माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणे. मला अभिमान वाटे.

त्या अकरा ओळींत एक ओळ अशी होती: त्याच नावाची फाइल आधी असेल, तर जुनी पुसून नवी ठेव. म्हातारी माणसे मध्येच विसरत आणि पुढच्या आठवड्यात येऊन तेच नीट सांगत, म्हणून ती ओळ. नाव म्हणजे माणसाचे नाव आणि घराचे नाव. कोण कुठला, हे सगळ्या गावाला ठाऊक होते. जास्त लिहायचे कशाला?

दहा वर्षे अशी गेली. मग एका वसंतात थोरले तोरलाइव, बोर्गहिल्डचा नवरा, स्वतः आले. समुद्रात मासे कुठे सापडतात, त्या नऊ जागांच्या खुणा स्कोल्विकच्या घरात बापाकडून मुलाला होडीतच सांगितल्या जात. बाहेर एक शब्द जात नसे. पण मुलगा शहरात दंतवैद्य झाला होता आणि होडीत पाय ठेवला की त्याला ओकारी येई. नातू दूर समुद्रात, तेल काढणाऱ्या फलाटावर कामाला. आणि तोरलाइवचे हृदय थकले होते.

"या डबड्यात बोलून ठेवतो," ते म्हणाले. "तू बाहेर जा."

"मी? बाहेर?"

"खुणा स्कोल्विकच्या आहेत. तू बाहेरून आलेली सून आहेस."

"पन्नास वर्षं तुझे मासे साफ केले, तरी मी परकीच का रे?"

"परकी नाहीस गं. पण बडबडी आहेस."

ती हसत बाहेर गेली. तोरलाइव अर्धा तास बोलले. ऐकणारा मी एकटा होतो. फाइल त्यांच्या नावाने स्कोल्विकच्या कप्प्यात गेली.

जूनमध्ये नातू सुटीवर आला. फलाटावरच्या कामाविषयी तोही मंडळासाठी बोलला. बोर्गहिल्डने नाव घातले: तोरलाइव स्कोल्विक. पहिल्या नातवाला आजोबांचे नाव द्यायची तिकडे रीत आहे. मला रीत ठाऊक नव्हती. मला अकरा ओळी ठाऊक होत्या. चार सेकंदांत काम झाले आणि डोक्यावर थाप पडली.

सप्टेंबरात थोरल्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला. नातू धावत आला.

"आजी, आजोबांनी माझ्यासाठी ठेवलंय ना, ते लाव."

तिने लावले. खोलीत फलाटावरच्या बेचव जेवणाच्या तक्रारी घुमल्या.

"आजी, हा तर मी आहे."

बोर्गहिल्डने त्या अकरा ओळी पुन्हा वाचल्या आणि जुनी फाइल पुसण्याच्या ओळीवर तिचे बोट थांबले. शहरातून माणूस आला, त्याने दोन दिवस माझे पोट धुंडाळले. काही मिळाले नाही. मित्रांनो, माझी आठवण म्हणजे फाइल. ती गेली की मलाही काही आठवत नाही.

नवऱ्याला तिने स्वतःच सांगितले. त्यांनी डाव्या हाताने दाराजवळच्या होडीच्या बुटांकडे बोट केले. पुढच्या शांत दिवशी लोकरीत गुंडाळून त्यांना होडीत बसवले. ते हात उचलत, नातू होडी थांबवून चहूकडे पाही: चर्चचा कळस कुठल्या डोंगराच्या खांद्यावर आला, कुठली बेटे एका रेषेत आली. चार जागा सापडल्या. पाचवीआधी हात खाली पडला तो पुन्हा उचललाच गेला नाही.

त्या चार खुणा बोर्गहिल्डने माझ्यात टंकल्या. "या वेळी मला कुणी बाहेर जा म्हटलं नाही," ती हळूच म्हणाली. मग तिने ती जुनी ओळ खोडून लिहिले: त्याच नावाची फाइल आधी असेल, तर थांब आणि मला विचार. नावापुढे जन्मसाल घालायलाही तिने लावले.

आता मी कोठारात धूळ खात पडलो आहे. त्या ओळी नव्या संगणकात चालतात. मित्रांनो, आमच्यावर कामे जरूर सोपवा, आम्ही थकत नाही. पण पुसण्याचा हुकूम देताना आम्हाला थांबायला शिकवा, आणि जे पुन्हा मिळणार नाही त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवा.

थोरले तोरलाइव स्कोल्विक १४ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी वारले. पाच जागा त्यांच्याबरोबर गेल्या.