शिंपल्याचा जबाब

"टॉर्च खालून धर. अजून खाली. हां, तिथंच."

श्रीलक्ष्मीने पदर खोचला आणि टॉर्च टाकीच्या काचेला टेकवली. बिंदुमाधवचा हात कोपरापर्यंत खाऱ्या पाण्यात बुडालेला होता आणि तळहातावर मुठीएवढा शिंपला उताणा पडला होता. सकाळी दिवा लागल्यावर तो वाळूत कलंडलेला दिसला, म्हणून त्याला सरळ करायला बिंदुमाधवने हात घातला होता. पण उचलल्यावर त्याची खालची बाजू दिसली आणि हात तिथेच थांबला.

"काय हो?"

"खाली दगड चिकटलाय."

"मत्ते? त्यात काय? समुद्रातला जीव, दगडाला चिकटणारच की."

"हा समुद्रातला नाही म्हणून दिलाय मला. फार्ममध्ये वाढवलेला म्हणून."

बिजागरीजवळच्या फटीतून शिंपल्याचे पांढरे धागे बाहेर आले होते आणि त्यांनी अंगठ्याएवढा प्रवाळाचा तुकडा घट्ट धरून ठेवला होता. तुकड्याची एक कड सरळ, ताजी तुटलेली होती. छिन्नीचा घाव कसा दिसतो हे बिंदुमाधवला कुणी सांगायची गरज नव्हती. मेटगळ्ळीच्या एका गिअर कारखान्यात तपासणी विभागात त्याची एकतीस वर्षं गेली होती. धाग्यांच्या मुळाशी मांसही थोडं फाटलेलं होतं.

मैसूरला समुद्र नाही. बिंदुमाधवने तो आयुष्यात दोनदा पाहिला होता. पण नऊ वर्षांपासून त्याच्या हॉलमध्ये चार फुटांची काचेची टाकी होती. गाळलेल्या पाण्यात मोजून मीठ घालून त्याने हा एवढासा समुद्र जिवंत ठेवला होता. दोन केशरी मासे, थोडी प्रवाळं आणि तीन आठवड्यांपूर्वी बंगळुरातल्या एका विक्रेत्याकडून आणलेला हा शिंपला. त्याच्या उघड्या तोंडातून मांसाची झालर बाहेर पसरायची, मोरपिसासारखी निळी, काठाला सोनेरी ठिपके. विक्रेत्याने सांगितलं होतं, "डेरासा जातीचा आहे, परदेशी फार्मचा. काही काळजी नको."

त्या दिवशी बिंदुमाधव जेवायचं विसरला. कारखान्यातलं भिंग घेऊन तो संगणकावरच्या छायाचित्रांशी शिंपला ताडून बघत बसला. डेरासाचं कवच गुळगुळीत असतं, याच्या वरच्या काठाला खवले होते. डेरासाची खालची फट अरुंद, याची रुंद. कवच एका बाजूला लांबट झालेलं. चार-चारदा पाहिलं तरी उत्तर बदलेना. ही मॅक्सिमा जात होती. आपल्याकडच्या बेटांभोवती सापडणारी. ती समुद्रातून काढायला, विकायला, घरात ठेवायला कायद्याने सक्त मनाई होती.

संध्याकाळी त्याने घरात सांगितलं तेव्हा सगळ्यात आधी उठून उभी राहिली ती काव्या.

"अप्पा, आर यू सीरियस? माझं पोलीस व्हेरिफिकेशन चाललंय!"

काव्याची सरकारी शाळेत निवड झाली होती. चार वर्षांच्या परीक्षांनंतर. आता फक्त नेमणुकीचा कागद यायचा होता, आणि त्याआधी घरच्यांवर काही गुन्हा नाही ना याची चौकशी.

"मला माहीत नव्हतं, पुट्टी. त्याने फार्मचा म्हणून दिला."

"कोण ऐकणार ते?"

श्रीलक्ष्मी शांतपणे म्हणाली, "अहो, परसात करिबेवाच्या झाडाखाली पुरून टाका. सुम्ने, उगीच कशाला ताप? कुणाला कळणार आहे?"

"जिवंत आहे तो."

"मासे खातातच ना लोक?"

बिंदुमाधव उठून टाकीजवळ गेला. झालर आत ओढली गेली होती आणि तिच्या काठावर नखाएवढा पांढरा डाग उमटला होता.

पुढचे दहा दिवस तो कारखान्यात मन लावून काम करू शकला नाही. चारला शिफ्ट सुटली की स्कूटर थेट घरी. झालरीत राहणारी सूक्ष्म शेवाळं उजेडावर अन्न करतात आणि शिंपला त्यावर जगतो. उजेड कमी झाला तर उपासमार, एकदम जास्त झाला तर भाजतो. म्हणून त्याने दिव्याखाली मच्छरदाणीचे सहा पदर बांधले आणि दर दोन दिवसांनी एक पदर काढायला सुरुवात केली. कवचावर तांदळाच्या कणीएवढ्या परजीवी गोगलगायी असतात असं वाचल्यावर मऊ ब्रशने त्याने कवचाची घडी न् घडी साफ केली. प्रवाळाचा तुकडा मात्र काढला नाही. धागे ओढले असते तर उरलेला पायही, म्हणजे धाग्यांच्या मुळाशी असलेलं मांसही, फाटला असता. रोज तो टाकीवरून हळूच हात फिरवी. धडधाकट शिंपला सावली पडताच मिटतो. हा मिटायचा, पण उशिरा, दाराला कुलूप लावायला विसरून परत आलेल्या म्हाताऱ्यासारखा.

दारावर थाप पडली की तो आधी टाकीकडे धावायचा. एकदा गॅसवाला आला, एकदा शेजारचे मानाजीराव पेपर मागायला आले. दोन्ही वेळा त्याने टाकीवर चादर टाकली आणि मग आपलीच लाज वाटून ती काढली.

अकराव्या दिवशी त्याने अर्धी रजा टाकली आणि कुणाला न सांगता वन खात्याच्या कार्यालयात गेला.

बाकावर त्याच्या शेजारी सरगूरहून आलेला एक माणूस बसला होता. हत्तींनी त्याची केळीची बाग तुडवली होती. "तुमचं काय? बिबट्या?" त्याने विचारलं.

"शिंपला," बिंदुमाधव म्हणाला.

माणसाने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि तो बाकावर थोडा सरकून बसला.

आतल्या टेबलावर मंजुनाथ नावाचा चाळिशीतला अधिकारी होता. बिंदुमाधवने कन्नडमध्ये लिहिलेला दोन पानी अर्ज पुढे केला. मंजुनाथने तो वाचला, पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"तुम्ही स्वतःवर तक्रार घेऊन आलाय?"

"जे झालं ते लिहिलंय, सर."

"वीस वर्षांत माझ्याकडे हत्ती आले, वाघ आले, मोर आले. समुद्रातलं कुणी आलं नाही." त्याने चष्मा काढला. "हे तुम्ही कसं ओळखलंत?"

बिंदुमाधवने फोटो दाखवून खवले, फट, तुटलेली कड समजावून सांगितली. बोलताना त्याचा आवाज स्थिर झाला. मोजमापाचं बोलायचं असलं की तो घाबरत नसे. शेवटी मात्र त्याने विचारलं, "माझ्यावर केस होईल का? मुलीच्या नोकरीचं चाललंय."

"खोटं आश्वासन देत नाही. वर पाठवावं लागेल. तुम्ही आपणहून आलात हे मी पहिल्या ओळीत लिहीन."

दोन दिवसांनी मंजुनाथ घरी आला. टाकीसमोर बराच वेळ उकिडवा बसला. शिंपला जप्त झाला, पण हलवला तर मरेल म्हणून तो बिंदुमाधवच्याच ताब्यात ठेवायचा असं ठरलं. काही कमीजास्त झालं तर लगेच कळवायचं.

मंजुनाथची जीप गेल्यावर काव्या दार लावून आत आली. "झालं ना समाधान? आता फाइलवर आलं आपलं घर." त्यानंतर आठवडाभर ती वडिलांशी कामापुरतं बोलली.

महिनाभर शिंपला तग धरून होता. पांढरा डाग वाढायचा थांबला. एका सकाळी तर झालर पुरती पसरली आणि बिंदुमाधवने श्रीलक्ष्मीला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं. ती ओल्या हाताने आली, बघत राहिली, आणि म्हणाली, "चांगला दिसतोय की." मग उन्हाळा तापला. दुपारची वीज जाऊ लागली. बिंदुमाधवने बॅटरीचा पंप आणला, बर्फाच्या बाटल्या पाण्यात सोडायची व्यवस्था केली. कारखान्यातून तो घरी फोन करायचा, "पाणी किती डिग्री आहे?" पलीकडून कधी श्रीलक्ष्मी बोलायची, कधी काव्या नुसता आकडा सांगून फोन ठेवायची.

एका बुधवारी श्रीलक्ष्मी बहिणीकडे कृष्णराजनगरला गेली होती. दुपारी एक वाजता काव्याचाच फोन आला.

"अप्पा, तो गेला."

बिंदुमाधव घरी पोचला तेव्हा शिंपला एका बादलीत, टाकीच्या पाण्यात वेगळा ठेवलेला होता. दोन्ही कवचं सताड उघडी, झालर आत गोळा झालेली, रंग उडालेला. बिंदुमाधवने बोटाने स्पर्श केला. काही हललं नाही. त्याने हात पुसले आणि मंजुनाथला फोन लावला.

मंजुनाथ चारला आला. फोटो काढले, लांबी मोजून घेतली, मग जेवणाच्या टेबलावर कागद पसरले.

"मरताना घरी कोण होतं? त्यांचा जबाब लागेल."

काव्या आतल्या खोलीत होती. दार अर्धवट उघडं होतं. बिंदुमाधवने त्या दाराकडे पाहिलं नाही.

"मीच होतो," तो म्हणाला. "आज रजेवर होतो."

एकतीस वर्षांत त्याने खोट्या मापावर सही केली नव्हती. हे वाक्य बोलताना त्याचे कान गरम झाले. त्याच्या खिशावर अजून कारखान्याचं ओळखपत्र लटकत होतं. मंजुनाथने ते पाहिलं, आणि पेनचं टोपण काढलं.

"ते नव्हते," काव्या दारात उभी होती. "मी होते. माझा जबाब घ्या."

"काव्या, तू आत जा."

"अप्पा, तुम्ही गप्प बसा जरा." ती खुर्ची ओढून मंजुनाथसमोर बसली आणि कन्नडमध्ये सांगू लागली. "दहा वाजता वीज गेली. पाणी सत्तावीस डिग्री होतं. मी पंप लावला. साडेदहाला झालर एका बाजूने कवचापासून सुटलेली दिसली. दोन बर्फाच्या बाटल्या सोडल्या. अकराला हाताची सावली धरली, मिटला नाही. अर्ध्या तासाने बोट लावलं, थोडासा हलला. बारा वाजून दहा मिनिटांनी परत लावलं, हलला नाही. तरी वीस मिनिटं थांबले. मग मासे मरू नयेत म्हणून बाहेर काढला."

बिंदुमाधव ऐकत होता. एवढं सगळं तिला कधी, कुणी शिकवलं होतं?

"मरायचं कारण काय लिहू?" मंजुनाथने विचारलं.

"समुद्रातून काढतानाच त्याचा पाय फाटला होता. तो भरून आलाच नाही. घरात जे करता येत होतं ते सगळं केलं अप्पांनी. तेही लिहा."

मंजुनाथ लिहीत राहिला. पुढे काव्याची ऑर्डर आली, दोन महिने उशिरा आली, आणि या फाइलबद्दल तिला कुणी चकार शब्दाने विचारलं नाही. विक्रेत्याच्या दुकानावर धाड पडली असंही कधीतरी कळलं. पण त्या दुपारी यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं.

"सही करण्याआधी नीट विचार करा," मंजुनाथ हळूच म्हणाला. "हा कागद फाइलमध्ये राहतो."

काव्याने कागद आपल्याकडे फिरवला. वरून खाली वाचला. एका ठिकाणी वेळ चुकली होती, ती दुरुस्त करून घेतली. मग पेन घेतलं.

"इथं वडिलांचं नाव ना?"

"हो."

तिने ते सावकाश लिहिलं, पूर्ण, आडनावासकट. आणि त्याखाली सही केली.