कंबरेचा पट्टा

"कंबर हिची, आणि मोडतेय माझी!" थोरली पुटपुटली, पण अशा बेताने, की झोळीचं दुसरं टोक धरलेल्या धाकटीला नेमकं ऐकू जावं.

दोघी सख्ख्या जावा, आणि हॉटेलच्या या धुलाईखान्यातली एकमेकींची जोडी. धुतलेल्या ओल्या चादरी जाड कापडाच्या झोळीत भरायच्या, टोकं धरायची, श्वास कोंडायचा, थोरलीने "हं!" म्हटलं की उचलायचं आणि पलीकडच्या सुकवायच्या यंत्रात नेऊन ओतायचं. पन्नाशी उलटली तरी धाकटी ती धाकटीच, आणि थोरलीचा "हं" म्हणजे हुकूम.

पाळी गेली तेव्हा धाकटी म्हणाली होती, सुटले बाई एकदाची! पण कसलं सुटणं? पुढे कामावरून घरी जाताना खाली काहीतरी उतरल्यासारखं, ओढल्यासारखं वाटू लागलं. मग एक दिवस अंघोळीच्या वेळी ते हातालाच लागलं.

दवाखान्यातल्या सिस्टरांनी सरळ सांगितलं. "पाळी गेली की आतला ओलावा जातो, जोरही कमी होतो. आधीची बाळंतपणं, त्यात रोजचं ओझं. खाटेची वीण सैल पडावी तसं झालंय. घाबरू नका. आत रिंग बसवली आहे, ती आधार देईल. मलम लावा, पोट साफ ठेवा. लघवी रोखल्यासारखं आवळायचं आणि सोडायचं, रोज. ऑपरेशनची घाई नाही. पण ओझं बंद!"

ओझं बंद म्हणजे सुकलेल्या चादरींच्या घड्या घालायच्या टेबलावर बदली. तिने मुकादमाला विचारलं, तर तो म्हणाला, "का?" आता त्याला काय सांगायचं! तिच्या तोंडून निघून गेलं, "कंबर."

"कंबर तर इथे सगळ्यांचीच दुखते, बाई. दुसरं काही असेल तर सांगा. नाहीतर झोळी धरा नाहीतर घरी बसा."

घरी बसून भागणार नव्हतं. तिने झोळी धरली. थोरलीचा "हं" आला की ती श्वास कोंडण्याऐवजी हळूच सोडायची, मग ओझं थोरलीच्या बाजूला कलायचं. थोरलीला ते कळत नसेल होय?

आज हॉटेलातले सगळे पाहुणे एकदम खोल्या सोडून गेले होते. चादरींचे डोंगर. मुकादम दारातच उभा.

"थांब," म्हणत थोरलीने पिशवीतून रुंद पट्टा काढला. "काल आणलाय तुझ्यासाठी. नाटकं पुरे झाली. हात वर कर."

तोंडाने फटकळ, पण बाई मायेची. नको कसं म्हणायचं?

"पोट आत घे. अजून! अगं, आवळल्याशिवाय गुण कसा येईल?"

थोरलीने सगळं बळ लावून पट्टा ओढला. आतलं सगळं खाली रेटलं गेलं. रिंग सरकली. धाकटीने मांडीला मांडी घट्ट आवळली.

"धर टोक. हं!"

धाकटीने टोक धरलं नाही. तिने दोन्ही हातांनी पट्टा ओढला. तो फर्रकन सुटला. टेबलावरच्या बाया वळून बघू लागल्या.

"काय झालं गं? दुखते ना कंबर?"

"नाही."

"म्हणजे?"

"कंबर नाही दुखत, जाऊबाई. पट्ट्याने… सगळं खाली येतंय."

थोरलीचा हात झोळीवरच राहिला. सासूबाईंची खिडकीजवळची खुर्ची तिला आठवली. वर टाकलेली चौघडी, आणि वेळी-अवेळी धुवायला पडणारी फडकी. ती थोरलीच धुवायची. म्हातारी उठायची ती भिंत धरून, पाय फाकवून. कोणी विचारलं, तर घरातले सगळे एका सुरात सांगायचे, कंबर.

"काय चाललंय?" मुकादम पुढे आला. "काम करायचंय की नाही?"

थोरलीने खाली पडलेला पट्टा उचलला, गुंडाळला, आणि ती मुकादमाकडे वळली.

"हिला टेबलावर घ्या."

"कारण?"

"हिचं अंग बाहेर येतं," थोरली म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आमच्या सासूबाईंचंही यायचं. आम्ही त्याला मरेपर्यंत कंबर म्हणत राहिलो."