उलट्या गिअरनं चढलेली गल्ली

वहिनी गाडी घेऊन गॅरेजात आल्या, त्या इंजिन बंद करायच्या आधीच बोलायला लागल्या.

“मिस्त्री, मोठ्या रस्त्यावर पन्नासच्या वर गेली की ही नुसती किंचाळते. ह्यांचं डोकं उठतं. काहीतरी करा.”

‘हे’ म्हणजे त्यांचे यजमान, घड्याळजी. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केली त्या माणसानं. सात महिन्यांपूर्वी झटका आला आणि उजवी बाजू गेली. वाचाही गेल्यातच जमा. दिवसाकाठी चार-दोन शब्द निघत, तेही विहिरीतून बादली ओढावी तसे. दर मंगळवारी त्यांना व्यायामासाठी मोठ्या शहरातल्या इस्पितळात न्यायचं असे. गाडी त्यांच्या थोरल्या मुलापेक्षा दोन वर्षांनी मोठी, चार गिअरची. चालवायच्या वहिनीच.

“थोरला म्हणतो, गाडी विकून टाक, मी ड्रायव्हर ठेवतो.”

“मग वाईट काय त्यात?”

“ड्रायव्हर ह्यांना सामानासारखा चढवणार-उतरवणार, आणि मी मागे गाठोडं होऊन बसणार. नको मला. पंधरा दिवसांनी तो येतोय, इस्पितळात सोबत येणार आहे. गाडीनं एकदा जरी रस्त्यात टाकलं, तर किल्ली त्याच्या हातात द्यायची, असं ठरलंय. मी हो म्हणून बसले.”

अशा गाडीला औषध ठरलेलं. तिच्याच घराण्यातल्या, नंतर निघालेल्या गाडीचा पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवायचा. पाचवा गिअर पडला की गाडीचा वेग तोच राहतो आणि इंजिनाची धावपळ कमी होते. खरं तर तेवढ्यानं भागलं असतं.

पण माझ्या गॅरेजाच्या कोपऱ्यात नऊ वर्षं एक मागचा एक्सल, म्हणजे मागची चाकं फिरवणारा दांडा, पडून होता. एका वेगवान गाडीचा, अगदी नव्यासारखा. माझी बायको त्याला घरजावई म्हणायची, कारण तो नुसता बसून तेल प्यायचा. वहिनींच्या गाडीचा एक्सल घरघर करतच होता. मनात म्हटलं, आता ह्याला कामाला लावू.

दहा दिवस लागले. गिअरबॉक्स मागे सरकला, म्हणून त्याचा आधाराचा पट्टा नवा केला. गिअरबॉक्सपासून एक्सलपर्यंत जाणारा शाफ्ट लेथवर देऊन दोन बोटं आखूड करून आणला. दोन्ही एक्सल शेजारी ठेवून मी खडूची खूण केली आणि फेरे मोजले. चाकाच्या एका फेऱ्याला जुन्या एक्सलचा शाफ्ट जवळजवळ पाच वेळा फिरे. माझ्या एक्सलचा चार वेळाही फिरत नव्हता. म्हणजे इंजिनाला आणखी आराम! मी एकटाच मोठ्या रस्त्यावर चक्कर मारून आलो. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली. स्वतःवरच खूश झालो.

मंगळवारी थोरल्यानं घड्याळजींना खुर्चीतून थेट गॅरेजातच आणलं, आणि वहिनींनी मलाही गाडीत बसवलं. पुढे घड्याळजी, मागे मी आणि थोरला, आणि मध्ये घडी केलेली चाकांची खुर्ची. जाताना गाडीत एवढी शांतता होती की घड्याळजी झोपले. थोरल्यानं दोनदा वाकून वेगाचा काटा पाहिला.

“काका, काम चांगलं केलंय,” तो म्हणाला. मान्य करणं त्याच्या जिवावर आलं होतं.

“मला काय सांगतोस? आईला सांग.”

“आईला सांगितलं की ती वर्षभर ऐकवेल.”

“दोन वर्षं,” वहिनी पुढून म्हणाल्या.

परतताना सगळं तसंच सुरळीत झालं. मग त्यांची गल्ली आली. दोन्ही बाजूंना घरं, आणि गल्ली शिडी टेकून ठेवल्यासारखी उभी. त्यांचं घर अगदी टोकाला. वहिनींनी पहिला गिअर टाकला. गाडी लाँड्रीच्या दुकानापर्यंत गेली, थरथरली आणि बंद पडली.

पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. ओझं कमी व्हावं म्हणून मी आणि थोरला खुर्ची घेऊन खाली उतरलो. तिसऱ्यांदा गाडी दहा पावलं चढली, आणि क्लच जळाल्याचा वास माझ्या नाकात शिरला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मोठ्या रस्त्यासाठी मी दोन औषधं एकदम दिली होती. त्यात एक्सलचा परिणाम सगळ्याच गिअरवर होतो; इंजिनाला एवढा आराम दिला, की पहिल्या गिअरला चढण्याची ताकदच उरली नव्हती. आणि ही गल्ली मी चढून बघितलीच नव्हती.

थोरला खिडकीशी गेला. आवाज चढवला नाही त्यानं. “आई, बाबांना आपण खुर्चीतून वर नेऊ. किल्ली दे.”

वहिनींचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. त्यांनी किल्लीकडे पाहिलं. माझी तर मान वर करायची हिंमत होईना.

तेवढ्यात घड्याळजींचे ओठ हलले. “उ... उलटं.”

“उलटी होतेय? मळमळतंय का? अहो, थांबा, फडकं देते.”

त्यांनी डावा हात जोरजोरात हलवला. गिअरच्या दांड्यावर थोपटला, मग मागे दाखवला. “उलटं!”

ज्याची हयात दातेरी चाकांत गेली, त्याला कळलं होतं. त्या गिअरबॉक्सचा रिव्हर्स पहिल्यापेक्षाही ताकदीचा. मला हे ठाऊक असायला हवं होतं, पण तोपर्यंत माझं डोकं चालत नव्हतं.

“वहिनी, रिव्हर्स!” मी ओरडलो. “आधी क्लच थोडा थंड होऊ द्या.”

पाच-दहा मिनिटं थांबून वहिनींनी गाडी ब्रेकवर हळूहळू खाली सोडली, लाँड्रीसमोर वळवली, मान मागे फिरवली आणि उलटी चढवायला घेतली. गाडी कण्हत कण्हत पण न थांबता चढू लागली. गॅलऱ्यांमधून लोक वाकले.

“अहो बाई, घर विसरलात की पुढची बाजू?” कोणीतरी विचारलं.

“तुमचं तोंड बघायचं नाही म्हणून पाठीनं येतेय!” वहिनींनी वरच्या वर परतवलं.

घड्याळजी पुढे बसून खाली जाणारी गल्ली बघत होते आणि अर्ध्या तोंडानं हसत होते. थोरला खुर्ची उचलून धापा टाकत बाजूनं चालत होता. मी त्याच्याही मागे.

दारात गाडी थांबली. थोरल्यानं खुर्ची ठेवली, घाम पुसला.

“आई, ही काय रीत झाली?”

“गाडीनं रस्त्यात टाकलं का?”

“तीनदा बंद पडली!”

“घरी पोचलो का नाही, ते बोल.”

आता मी मध्ये पडलो. “चूक गाडीची नाही आणि तुझ्या आईचीही नाही, माझी आहे. हौसेपायी माझा एक्सल घातला. हिचा जुनाच दुरुस्त करून परत बसवतो, गिअरबॉक्स नवा राहू दे. चढ चढेल आणि मोठ्या रस्त्यावर किंचाळणारही नाही. पैसे घेणार नाही. चार दिवस दे.”

थोरल्यानं बापाला दोन्ही हातांनी उचलून खुर्चीत बसवलं. घड्याळजी अजून हसतच होते. सात महिन्यांत त्यानं ते पाहिलं नसावं. तो तसाच वाकून राहिला.

“बाबा, तुम्हाला ड्रायव्हर हवाय का?”

घड्याळजींनी डाव्या हाताचं बोट वहिनींकडे केलं.

थोरल्यानं मान हलवली. “मग काका, शनिवारपर्यंत करा. पुढच्या मंगळवारी मी नसेन. ही दोघंच जातील.”

वहिनींनी किल्ली माझ्या हातात ठेवली. “आणि ह्या वेळी आधी गल्ली चढून बघा, मिस्त्री. खुर्चीसकट.”