शेवटच्या चमच्यातलं कडू

माझं काम सांगितलं की लोक हसतात. चॉकलेटच्या कारखान्यात मी माणसांना चॉकलेट चारते आणि तोंडातली चव सेकंदागणिक कशी बदलते ते नोंदवते. चाखणारा लाल दिव्याखाली बसतो, म्हणजे तुकड्याचा रंग कळू नये. कडवटपणा चढेल तशी समोरची कळ वर सरकवायची, उतरेल तशी खाली. दीड मिनिटं. माझ्या पडद्यावर तशी रेघ उमटते.

माझे बाबा आमच्याकडचे सगळ्यात जुने चाखणारे. कारखान्यात मला मुद्दाम 'मॅडम' म्हणायचे, वर डोळे मिचकावायचे. आई गेल्यापासून त्यांचा जीव रमायचा तो एवढ्या एका जागी. दर मंगळवारी गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट. म्हणून तर तीन महिने मी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं. इतरांच्या रेघा दर खेपेला वेगळ्या, बाबांची मात्र तीच: विसाव्या सेकंदाला टेकडी, मग सावकाश उतार. जीभ इतकी सारखी कधीच चालत नाही. बाबा पाठ केलेलं म्हणून दाखवत होते, हे न कळायला मी काय काल कामाला लागले होते?

या मंगळवारी मी त्यांना पांढरं चॉकलेट दिलं. त्यात कडू औषधालासुद्धा नसतं. बाबांनी डोळे मिटून तुकडा विरघळवला आणि तीच टेकडी काढली.

मी त्यांचं नाव यादीतून काढलं. दुसरं काय करणार होते? पण हात जळला असता तर बरं, असं वाटलं.

घरी येताना गाडीत मी एकटीच वाटभर रडले; बाबा आधीच घरी पोचले होते. घरात शिरल्यावर त्यांनीच सांगितलं, की मधे ताप आला होता ना, त्यात चव गेली, वासही गेला, आता परत येईल असं डॉक्टरांना वाटत नाही. मी भडकले. नको नको ते बोलले. कारण फ्रिजमध्ये आईच्या हातच्या संत्र्याच्या जॅमची शेवटची बरणी होती. दर रविवारी आम्ही एकेक चमचा खायचो, पुरवून पुरवून, आणि दर रविवारी बाबा म्हणायचे, आधी गोड, मग आंबट, शेवटी सालीचं कडू. तीन महिने त्यांना त्यातलं काहीच लागलं नव्हतं.

"तू एकटी खात बसली असतीस ना गं," ते म्हणाले.

मग स्वतःच उठून बरणी घेऊन आले. तळाशी चमचाभर उरला होता. तो खरवडून त्यांनी माझ्या हातात दिला.

"तू खा. आणि मला सांगत राहा, सेकंदासेकंदाचं."

मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी मधे ठेवलं, डोळे मिटले आणि बोट टेबलाच्या कडेवर टेकवलं, तिथे कळ असल्यासारखं.

मी चमचा तोंडात घातला. रडून रडून नाक गच्च चोंदलेलं. मला काहीच लागेना. आईच्या हातचा शेवटचा घास, आणि जिभेवर नुसता गिळगिळीत गोळा.

"गोड," मी म्हणाले. घड्याळ बघून थोडं थांबले. "आता आंबट. आता साल आली, कडू चढतंय." बाबांचं बोट हळूहळू पुढे सरकलं. दीड मिनिट झाल्यावर मी म्हणाले, की संपलं.

"नाही गं पोरी, तिचं कडू याहून जास्त टिकायचं. नीट बघ."

त्यांनी बोट उचललं नव्हतं.

"हो बाबा," मी म्हणाले, "आहे अजून."