आधी कापायचं

"आई, भातात दोरा आला."

"दोरा खाऊन कुणी मेलेलं नाही. बाजूला काढ आणि जेव," आत्या म्हणाली. तिनं मान वर केली नाही.

स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका टोकाला दादाचं, म्हणजे तिच्या मुलाचं, ताट होतं, दुसऱ्या टोकाला तिचा पसारा. पांढऱ्या कापडाची पट्टी, मेणाचा तुकडा, कात्री, आणि सुया टोचलेला एक पिवळा स्पंजचा चेंडू. पट्टी सरकू नये म्हणून तिनं तिच्यावर स्वतःचा उजवा हात ठेवला होता. ठेवला होता म्हणजे डाव्या हातानं उचलून, नीट जागा बघून, वजन ठेवावं तसा ठेवला होता.

दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी आत्या उठली, पण तिचा उजवा हात उठला नाही. डॉक्टरांनी झटका सौम्य असल्याचं सांगितलं. "सौम्य कुणाला?" आत्यानं विचारलं होतं. ती काजं करायची. शर्टाची, कोटाची, हातानं. लग्नाआधीपासून एकाच टेलरिंगच्या दुकानात, खिडकीजवळच्या स्टुलावर बसून. कापड बेतायचे मास्तर, शिवायचे कारागीर, आणि शेवटी सगळं तिच्यापुढं यायचं. काज झाल्याशिवाय कपडा दुकानाबाहेर पडत नसे.

ती दवाखान्यातून घरी आली तेव्हा मास्तर फळं घेऊन भेटायला आले आणि जाता जाता म्हणाले, "ताई, घाई नाही. पण काजाचं मशीन बघून ठेवलंय. पुढच्या महिन्यात आणतो. तुमच्या जागेवर बसेल."

"महिनाभर थांबा," आत्या म्हणाली.

"महिन्यात काय होणार आहे?"

"ते महिन्यानं बघा."

त्याच दिवसापासून रोज एक काज, डाव्या हातानं. जमो न जमो, रोज एक पूर्ण करायचंच, हा तिचा नियम. मी तेव्हा पदवीची परीक्षा देऊन नोकरी शोधत तिच्याकडे राहत होते, त्यामुळे हे सगळं मला जवळून दिसलं. पहिलं काज भरत आलेल्या जखमेसारखं होतं. आत्यानं ते उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, हे तर बटण बघूनच पळेल."

व्यायाम घ्यायला येणारी मुलगी मात्र तिच्यावर नाराज होती. "काकू, दाबायला दिलेला चेंडू कुठाय?"

"कामाला लावलाय," आत्यानं सुयांनी भरलेला चेंडू दाखवला. "रिकामा बसला होता."

दादाला हे हसण्यावारी नेता येत नसे. तो रोज ऑफिसातून येई आणि आईच्या डाव्या हाताच्या बोटांवर सुई टोचल्याच्या नव्या खुणा बघे. "कुणाला दाखवायचंय तुला?" तो विचारी. "आयुष्यभर लोकांची भोकं शिवलीस. आता मी कमावतोय ना? बस की आरामात."

"आराम करायला दोन हात लागतात का रे? नाही ना? मग तो कधीही करता येईल."

मला त्या कामाचं कुतूहल वाटू लागलं. हातानं काज करताना आधी कापडाला चीर द्यायची. मग त्या चिरेच्या काठानं एकाला एक चिकटून टाके घ्यायचे, प्रत्येक टाक्याला एक गाठ, आणि सगळ्या गाठी काठावर एका रांगेत बसायला हव्यात. आत्याच्या गाठी बसत होत्या, पण दोरा अर्ध्या वाटेतच विसकटायचा. मी माझं जुनं भिंग आणून पाहिलं. दोऱ्याचा पीळच सुटत होता. डाव्या हातात सुई प्रत्येक टाक्याला थोडी उलट्या दिशेनं फिरत होती, आणि दोरा तेवढा उलगडत होता.

मी तिला ते सांगितलं. तिनं भिंगातून बराच वेळ पाहिलं.

"म्हणजे माझा दोष नाही, दोऱ्याचा आहे."

"दोघांचाही नाही. दिशेचा आहे."

"बरं झालं. मला वाटलं, हातच निकामी." तिनं सुई सोडून दिली. ती दोऱ्याला लटकत गरगर फिरली आणि थांबली. "थोड्या थोड्या टाक्यांनी हिला असा झोका देते. घेऊ दे आपला पीळ परत."

त्यानंतर टाके सुधारले.

महिना सरत आला तेव्हा ते शर्टाचं प्रकरण झालं. पट्टीवर करून करून तिला कंटाळा आला होता. "चिंधीवर चुकलं तरी काही बिघडत नाही, म्हणून नीट होत नाही," असं म्हणून तिनं दादाच्या नव्या निळ्या शर्टाचं गळ्याजवळचं काज उसवलं. ते मशीनचं होतं आणि तिला ते कधीच आवडलं नव्हतं. उसवलेल्या चिरेवर काम करणं मात्र तिला पटेना. त्याच्या जरा खाली नवीन चीर देते, बटण मग तिथं हलवू म्हणाली, कात्री घेतली आणि दिली.

दादा आंघोळ करून आला आणि शर्टाकडे पाहतच राहिला.

"आई, ही बटणांची बाजू आहे."

आत्यानं शर्ट फिरवून पाहिला. इतकी वर्षं काजाची बाजू तिच्या डाव्या हाताखाली असायची आणि उजवा हात शिवायचा. आता कापड उजव्या मुठीखाली होतं. हात बदलले, त्याबरोबर बाजूही बदलली, आणि तिच्या लक्षातही आलं नाही.

"गेला शर्ट," दादा म्हणाला. "मिळालं समाधान? आता तरी पुरे कर!"

"ओरडू नकोस. बस."

"काय बस? चुकीच्या बाजूला भोक पाडलंयस!"

"पाडलंय ना? मग ते तसंच उघडं ठेवू? कापलं की पूर्ण करायचं. बाजू कोणतीही असो."

ती शिवायला बसली. दादा पाय आपटत दुसरा शर्ट घालून गेला. संध्याकाळी मी ते काज भिंगाखाली धरलं. गाठी दाण्यासारख्या भरल्या होत्या. पट्टीवरच्या एकाही काजाला तशी कड नव्हती. दादा परत आला तेव्हा शर्ट खुर्चीच्या पाठीवर होता. त्यानं काजावरून अंगठा फिरवला आणि शर्ट कपाटात ठेवला.

महिना संपला त्या दिवशी आत्या म्हणाली, "दुकानात सोड मला." दादानं स्कूटर काढली. मी मागून रिक्षानं गेले.

खिडकीजवळ मशीन बसलं होतं. आत्याचं स्टूल कोपऱ्यात, त्यावर कापडाचे तागे. मास्तर ओशाळून उठले. "ताई, बसा. चहा सांगतो. काय झालं, दिवाळं वाजायची वेळ आली होती हो, काजांवाचून सगळे कपडे अडकलेले. म्हणून दोन दिवस आधीच आणलं."

"दाखवा."

मास्तरांनी एक तुकडा घातला. मशीन थरथरलं, कडेनं शिवण घातली आणि शेवटी छोटी पाती खटकन खाली आली.

"आधी शिवतं आणि मग कापतं?" आत्या म्हणाली. "भित्रं आहे."

कारागीर हसले. मास्तरांनाही हसू आलं. त्यांनी तिच्यापुढं एक चिंधी ठेवली. "करून दाखवा, ताई. महिना दिला होता, शब्द पाळतो."

आत्यानं चिंधीला हात लावला नाही. ती भिंतीकडे बघत होती. तिथं एक करडा कोट टांगलेला होता, अस्तरासह तयार, फक्त काजं राहिलेली.

"हा कुणाचा?"

"माझाच," मास्तर म्हणाले. "सवडीनं शिवलाय."

"मग काजं का राहिली? मशीन आहे की."

मास्तर कोटाची बाही सारखी करू लागले. कारागिरांनी माना खाली घातल्या.

"काढा खाली."

"ताई, ते कापड पुन्हा मिळायचं नाही..."

कोट टेबलावर आला तेव्हा आत्यानं आधी दोन्ही बाजू उलगडल्या. डावी, उजवी. डाव्या बाजूवर बोट टेकवलं आणि आपल्याशीच मान हलवली. मग उजवा हात उचलून कोटावर ठेवला, कात्री घेतली आणि चीर दिली. मास्तरांनी डोळे मिटले होते. उघडले तोवर परतीची वाट नव्हती.

"आता जागा द्या," ती म्हणाली.

"मशीन हलवायला माणसं बोलवावी लागतील, ताई..."

"ती जागा कुणाला हवीय? तिथं उजेड डावीकडून येतो. माझ्याच हाताची सावली पडेल. मला उजवीकडून हवा." तिनं दुकानभर नजर फिरवली. "तुम्ही बसता तिथं येतो. तुमची खुर्ची सरकवा."

मास्तरांनी आपली खुर्ची उचलली आणि स्वतःच स्टुलावरचे तागे उतरवून स्टूल तिथं आणून ठेवलं.

आत्या कामाला लागली. मधूनमधून सुई झोका खाऊन थांबे. दादा इतका वेळ दारात उभा होता, त्याला ती म्हणाली, "अरे, उजेड खातोयस. आत ये."

तो आत आला. शेवटचा दोरा तिनं दातानं तोडला तेव्हा चहाच्या कपांवर साय धरली होती. मास्तरांनी कोट अंगात घातला. बटण काजातून जाताना अडलं, मग गेलं.

"घट्ट आहे," मास्तर म्हणाले.

"नवं आहे. वापराल तसं सैल होईल. बाकीची उद्या करते."

"उद्या लवकर या," मास्तर म्हणाले. मग त्यांची नजर दादाच्या निळ्या शर्टावर गेली आणि तिथंच अडकली. गळा उघडा होता आणि बटणांच्या रांगेत एक काज होतं, एकटंच, भरल्या कडेचं. त्यातून आतला पांढरा बनियन दिसत होता.

"हे कुणी केलं?"

"आईनं."

"चुकीच्या बाजूला आहे."

"माहीत आहे," दादा म्हणाला आणि आईला हात द्यायला वाकला. तिनं त्याचा हात घेतला नाही. ती आधी आपला उजवा हात उचलून मांडीवर घेत होती.