बाईंनी ठेवलेलं नाव

तिसरीच्या पोरांना विरामचिन्हं काही केल्या उमगत नव्हती. कर्नाटकात, बिदर जिल्ह्यातल्या ठाणाकुशनूरच्या पलीकडच्या एका वाडीतली ती मराठी शाळा. पोरं घरी एक भाषा बोलत, बाजारात दुसरी, आणि वाचायला उभी राहिली की सगळी वाक्यं एका दमात गिळून टाकत. म्हणून ज्योत्स्नाबाईंनी टाळ्यांची युक्ती काढली. पूर्णविराम आला की दोन टाळ्या, स्वल्पविराम आला की एक. "स्वल्पविराम म्हणजे जरासं थांबायचं, श्वास घ्यायचा आणि पुढं निघायचं," त्या रोज सांगायच्या. टाळ्या वाजवायला पोरांना मजा यायची, पण कुठली टाळी कशाची हे कुणाच्या ध्यानात राहायचं नाही.

त्या दुपारी प्रतीक्षाची पाळी आली. पोरगी हुशार होती, पण बोलताना अडखळायची.

"आईनं बा... बा... बाजारातून कां... कांदे, ब... ब..."

पत्र्याखाली वर्ग तापला होता. बाईंचा घसा कोरडा पडला होता आणि तास संपत आला होता. "अगं, पुस्तकात एकच स्वल्पविराम आहे," त्या म्हणाल्या, "तू एवढे कुठून आणलेस? तूच एक चालताबोलता स्वल्पविराम आहेस बघ!"

वर्ग खदखदून हसला. बाईही हसल्या. इतक्या दिवसांत आपलं काहीतरी पोरांपर्यंत पोचलं, असंच त्यांना त्या क्षणी वाटलं. प्रतीक्षा पुस्तक मिटून खाली बसली.

मधल्या सुट्टीत मैदानावर पोरं तिला त्याच नावानं हाका मारू लागली. बाईंच्या कानावर ते आलं. चार दिवसांत विसरतील, म्हणून त्यांनी सोडून दिलं. एवढंच नाही, एकदा घाईत त्यांच्याच तोंडून निघून गेलं, "स्वल्पविराम, खडू आण ग." पोरीनं गुपचूप खडू आणून दिला. त्यानंतर मात्र वाचायला उभं केलं की ती नुसतीच उभी राहायची, ओठ गच्च मिटून. मग एक दिवस आली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, आणि पुढं यायचीच थांबली.

शनिवारी बाईंनी उजळणी घेतली. फळ्यावर चिन्ह काढून विचारलं, "हे काय?"

मल्लेशनं हात वर केला. "स्वल्पविराम, बाई!"

"शाब्बास. आणि स्वल्पविराम म्हणजे काय?"

"ज्याला नीट बोलता येत न्हाई त्याला स्वल्पविराम म्हणतेत," तो छाती काढून म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता. बाकीच्या पोरांनीही माना डोलावल्या. बरोबर उत्तर दिल्याबद्दल त्यांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

बाईंच्या हातातला खडू तसाच राहिला. महिनाभर घसा फोडून आपण हे शिकवलं होतं.

शाळा सुटल्यावर त्या थेट प्रतीक्षाच्या घरी गेल्या. तिचा बाप लिंगाप्पा बिदरजवळच्या कोळार औद्योगिक वसाहतीतल्या एका गोदामात हमाली करायचा. शनिवार-रविवार गावी यायचा. आज तो घरीच होता. बाईंना दारात बघून त्यानं लगबगीनं खुर्ची पुसली. आई म्हाळसाबाई चहा ठेवायला आत पळाली. प्रतीक्षा दाराआड उभी होती.

"पोट दुखायलंय म्हणती," लिंगाप्पा म्हणाला. "दवाखाना झाला, काही निघालं न्हाई. पर बाई, तुमचे लई उपकार बघा."

"माझे?"

"आमच्या लेकीला तुमी पुस्तकातलं नाव ठेवलाव म्हणं. गल्लीतली पोरं हाका मारतेत. इचारलो तर म्हणले, बाईनं ठेवल्यात. मी तिकडं गोदामात समद्यायला सांगितलो. फोनवर बी तिला मी त्याच नावानं बोलवतो." तो संकोचून हसला. "त्याचा अर्थ काय हो, बाई?"

म्हाळसाबाई कपबशी घेऊन आली आणि तीही उत्तरासाठी थांबली.

"जरा थांबून पुढं जाणं," बाईंच्या तोंडून निघालं.

"चांगलं हाय की!" लिंगाप्पा खूश झाला.

बाईंनी दाराकडं पाहिलं. पोरगी त्यांच्याकडंच बघत होती. तिला सगळं कळत होतं, आणि आताही बाई काय करणार हेही जणू ठाऊक होतं. बाईंनी हातात घेतलेला कप न पिताच खाली ठेवला.

"तसं नाही, दादा," त्या म्हणाल्या. "मी तिच्या अडखळण्याला हसले. भर वर्गात. पोरं त्यावरनं तिला चिडवतात. ते कौतुकाचं नाव नाही."

लिंगाप्पाच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तिथंच अवघडून राहिलं. बाईंना त्याचा राग चालला असता, पण ते हसू बघवेना.

"मी फोनवर..." तो पुटपुटला आणि लेकीकडं बघायचं टाळून बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

म्हाळसाबाईनं भरलेला कप उचलला. "आमाला काय कळतंय, बाई," ती म्हणाली. "तुमाला तर कळत होतं. कामून केलाव असं?"

"सोमवारी तिला शाळेत पाठवा," एवढंच म्हणून बाई उठल्या.

सोमवारी म्हाळसाबाई स्वतः लेकीला शाळेत घेऊन आली आणि वर्गाच्या दारात उभी राहिली. तिच्या देखत बाईंनी पोरांना सांगितलं, की चूक प्रतीक्षाची नव्हती, माझी होती, आणि ते नाव कुणी घ्यायचं नाही. पोरं गोंधळली. आपल्या बाई रडवेल्या झालेल्या त्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या. नाव एकदम गेलं नाही, हळूहळू कमी झालं.

प्रतीक्षा रोज येऊ लागली. विचारलं तर ज्योत्स्नाबाईंना मान हलवून उत्तर द्यायची, तेवढंच. बाईंनी तिला पुन्हा वाचायला उभं केलं नाही, त्यांची हिंमतच झाली नाही.

महिन्याभरानं त्या व्हरांड्यातून चालल्या होत्या. वर्गात सुधारानी मिसचा कन्नडचा तास चालू होता. आतून प्रतीक्षाचा आवाज आला. ती वाचत होती. अडकत होती, मिस काही न बोलता वाट बघत होत्या, आणि पोरगी पुढचा शब्द काढत होती. ज्योत्स्नाबाई खिडकीच्या अलीकडंच थांबल्या. आपली सावली आत पडली तर ती गप्प होईल, या भीतीनं त्या मागं वळल्या आणि मैदानातून लांबचा फेरा घालून ऑफिसात गेल्या.